बारोलो आणि त्याची एकाच बागेची वाईन: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा धरमपेठेत कोणाच्या तरी घरी जमतो, वर्गणी काढून एक बरी बाटली उघडतो आणि तिच्यावर वाद घालतो. गेल्या काही महिन्यांत गाडी इटलीतल्या बारोलोवर, त्यातही कान्नुबी नावाच्या एका टेकडीवर अडकली आहे. तेव्हापासून फोनवर तेच तेच प्रश्न येतात. एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसता प्रश्नाचा क्रमांक पाठवता येईल.

१. एकाच बागेची वाईन म्हणजे काय? बाकीच्या वाईनमध्ये सगळीकडचा माल असतो का?

बहुतेक वेळा हो, आणि त्यात फसवणूक काही नाही. कळमन्याला संत्र्याचे ढीग लागतात तेव्हा काटोल, नरखेड, वरूड असा सगळीकडचा माल येतो. पुढे दिल्लीला तो ‘नागपुरी संत्रा’ म्हणूनच विकला जातो. खाणाऱ्याचं त्यात बिघडत काही नाही. पण काटोलचा शेतकरी तुम्हाला बांधावर उभा करून सांगेल की या तुकड्यातलं फळ गोड, नाल्यापलीकडच्या तुकड्यातलं पाणचट. त्या एका तुकड्याचं फळ वेगळं तोडलं, वेगळं ठेवलं आणि तुकड्याचं नाव लावून विकलं, तर जे होईल ते म्हणजे एकाच बागेची वाईन.

वाईनमध्ये हे जास्त खपतं, कारण संत्रा आठवड्यात संपतो आणि बाटली वीस वर्षं राहते. एवढ्या काळात दोन बागांमधला फरक पुसत नाही, उलट वाढत जातो. त्या नावाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी सारखाच घट्ट असतो असं मात्र नाही. त्याची भानगड प्रश्न ७ आणि ८ मध्ये आहे.

२. बारोलो हे कंपनीचं नाव आहे की गावाचं?

गावाचं. इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते प्रांत, त्यात आल्बा शहराच्या दक्षिणेला लांगे नावाच्या टेकड्या, त्या टेकड्यांत बारोलो हे छोटंसं गाव. वाईनलाही तेच नाव आहे. ती मात्र फक्त या गावची नाही, ११ गावांच्या हद्दीत होते. बारोलो, कास्तिल्योने फालेत्तो आणि सेर्रालुंगा ही तीन गावं पूर्ण, आणि ला मोर्रा, मोन्फोर्ते, व्हेर्दुनो, नोव्हेल्लो वगैरे आठ गावांचा काही भाग. या हद्दीबाहेर एक फूट जरी गेलात तरी बाटलीवर ‘बारोलो’ लिहिता येत नाही. १९६६ मध्ये तिला इटलीच्या कायद्यानं संरक्षित नाव दिलं आणि १९८० मध्ये वरचा, डीओसीजीचा दर्जा. आपल्या नागपुरी संत्र्याला जीआय मानांकन २०१४ मध्ये मिळालं. योगायोगानं त्याच वर्षी लांगेच्या द्राक्षबागांचा युनेस्कोच्या जागतिक वारशात समावेश झाला.

हा भाग तुम्ही आधीच चाखलेला आहे, फक्त ठाऊक नाही. न्युटेला करणारी फेरेरो कंपनी १९४६ मध्ये याच आल्ब्यात सुरू झाली. ज्या उतारांवर द्राक्ष नीट पिकत नाही तिथे हे लोक हेझलनट लावतात.

३. यात द्राक्ष कोणतं असतं? दोन-तीन जातींचं मिश्रण चालतं का?

चालत नाही. शंभर टक्के नेब्बिओलो. हे द्राक्ष पिकाच्या दृष्टीनं त्रासदायक आहे. कळी सगळ्यांच्या आधी फोडतं, म्हणून उशिराच्या थंडीत सापडतं. पिकतं सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरात, म्हणून पावसातही सापडतं. त्या दिवसांत दऱ्या धुक्यानं भरलेल्या असतात. धुक्याला इटालियनमध्ये ‘नेब्बिया’ म्हणतात आणि द्राक्षाचं नाव त्यावरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात. एवढ्या उशिरा पिकणाऱ्या फळाला ऊन पुरेसं मिळालं पाहिजे, म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेले उतार त्याच्यासाठी राखलेले असतात. हिवाळ्यात बर्फ जिथे आधी वितळतं तिथे नेब्बिओलो लावायचा, हा तिथला जुना ठोकताळा. उरलेल्या जागी बार्बेरा आणि दोल्चेत्तो ही द्राक्षं.

एका टेकडीचे दोन उतार दोन वेगळ्या किमतीचे का, याचं उत्तरही इथेच आहे.

४. भाऊ, रंग एवढा फिका काऊन? पाणी मिसळलं का दुकानदारानं?

नाही मिसळलं. हा प्रश्न पहिल्या बैठकीपासून येतोय. रेड वाईन म्हणजे जांभळाच्या रसासारखी गडद, अशी आपली समजूत असते. नेब्बिओलोच्या सालीत रंग कमी आणि तुरटपणा भरपूर. पेल्यात पाहिलंत तर लालसर, आरपार दिसणारी. जुनी असेल तर काठाला विटकरी-नारिंगी झाक. एवढीशी फिकी वाईन काय करणार म्हणून घोट घ्यावा, तर हिरड्या आवळून येतात, कच्चा आवळा चावल्यासारख्या.

वासाबद्दल जगभर एकच जोडी सांगतात, गुलाब आणि डांबर. मला हे पुस्तकी वाटायचं. मग एका जूनमध्ये, नुकताच पहिला पाऊस पडून गेलेला, खिडकी उघडी, बाहेर तापलेल्या रस्त्यावरून वाफ येत होती आणि टेबलावर बारोलो. सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या पेल्यात, डांबर खिडकीत. त्या दिवसापासून वाद घालत नाही.

५. कान्नुबी म्हणजे काय? त्या टेकडीचं एवढं कौतुक कशासाठी?

बारोलो गावातून बाहेर पडलं की ईशान्येला जाणारी एक लांबट, बुटकी टेकडी आहे, ती कान्नुबी. पाहून कोणी थक्क होणार नाही. आपल्याकडे अशी टेकडी दिसली तर वर एक हनुमान मंदिर आणि पायथ्याला चहाची टपरी, बस. पण ‘कान्नुबी १७५२’ असं लिहिलेली एक बाटली तिथल्या एका कुटुंबानं जपून ठेवली आहे. त्या बाटलीवर बारोलो हा शब्द नाही. म्हणजे वाईनच्या नावाआधी टेकडीचं नाव लोकांच्या तोंडी होतं.

कारण मातीत आहे. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याचा तळ वर उचलला जाऊन या टेकड्या झाल्या. पश्चिमेकडे, ला मोर्रा आणि बारोलोच्या बाजूला, निळसर-करड्या चुनखडीच्या चिकणमातीचे नंतरचे थर आहेत. तिथली वाईन सुगंधी आणि लवकर मोकळी होते. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोन्फोर्तेकडे जुने, कडक थर आहेत. तिथली वाईन ताठ, दहा वर्षं तरी कोणाशी बोलत नाही. कान्नुबीवर हे दोन प्रकार एकमेकांना भेटतात, शिवाय वाळूचं प्रमाण बरं आहे. म्हणून सुगंध एका बाजूचा आणि कणा दुसऱ्या बाजूचा.

आपल्या काळ्या मातीशी तुलना करू नका. आपली माती लाव्हाच्या खडकापासून झालेली, पाणी धरून ठेवणारी, कापसाला उत्तम. द्राक्षवेलीला एवढे लाड मानवत नाहीत, वाईनसाठी तर नाहीच.

६. बाटलीवर २०१६ लिहिलंय. म्हणजे ती २०१६ मध्ये बाटलीत भरली का?

नाही, ते द्राक्ष तोडल्याचं वर्ष. बारोलो तोडणीच्या वर्षीच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवावी लागते. त्यातले किमान १८ महिने लाकडात. ‘रिझेर्व्हा’ लिहायचं असेल तर ६२ महिने. म्हणजे २०१६ ची साधी बारोलो २०२० च्या जानेवारीआधी विकताच आली नसती. अल्कोहोल किमान १३ टक्के असावं लागतं. हल्लीच्या उन्हाळ्यांत ते सहज १४ च्या वर जातं.

वर्ष कोणतं घ्यावं, असंही लगेच विचारतात. २०१० आणि २०१६ ही अलीकडची नावाजलेली वर्षं, दोन्ही लांब ठेवायची. २००३ आणि २०१७ तापलेली. २०१४ पावसाळी. २००२ पावसाचं आणि गारपिटीचं. त्या वर्षी अनेकांनी बागेच्या नावाच्या बाटल्या भरल्याच नाहीत आणि सगळा माल साध्या बारोलोत घातला. गारपीट म्हणजे काय हे विदर्भातल्या संत्रावाल्याला समजावून सांगायला नको.

७. लेबलवर बागेचं नाव असलं की ती एकाच बागेची, असं समजायचं ना?

इथे खरी गंमत सुरू होते. १९६० च्या आधी बारोलोचे व्यापारी वेगवेगळ्या टेकड्यांचा माल घेऊन मिसळत आणि तेच चांगलं मानलं जाई. १९६१ च्या द्राक्षांपासून प्रुनोत्तो या वाईन करणाऱ्या घराण्यानं बुस्सिया बागेची आणि व्हिएत्ती घराण्यानं रोक्के बागेची बाटली वेगळी काढली, तिथून बागेच्या नावाची चाल पडली. मग सत्तरच्या दशकात रेनातो रात्ती या वाईन करणाऱ्यानं उत्तम बागांचा नकाशा केला. सरकारी शिक्का लागायला २०१० उजाडलं. तेव्हा १८१ नावं अधिकृत झाली. त्यातली ११ म्हणजे ती ११ गावंच, उरलेल्या १७० बागा. याला तिथे एमजीए म्हणतात.

आता या १७० मधल्या काही खरोखर लहान आहेत आणि काही अवाढव्य. कान्नुबीचा मूळ गाभा सुमारे १५ हेक्टर, म्हणजे ३७ एकर. आणि बुस्सिया? जवळपास ३०० हेक्टर, सातशे एकरांच्या वर. उतार वेगळे, उंची वेगळी, शेकडो तुकडे, आणि सगळ्यांना एकच नाव. कायद्यानं ती एक ‘बाग’, पण तिला एक बाग म्हणणं म्हणजे अख्ख्या काटोल तालुक्याला एक वावर म्हणणं. म्हणून मोठ्या नावापुढे आणखी काही लिहिलंय का ते पाहावं. ‘विग्ना’ हा शब्द आणि त्यापुढे छोटं नाव असेल तर ती नोंदलेली नेमकी बाग असते आणि तिचं उत्पादनही कमी ठेवावं लागतं: साध्या बारोलोला हेक्टरी ८ टन द्राक्ष, विग्नाला ७.२ टन. एकराच्या हिशेबात ३२ क्विंटल आणि २९ क्विंटल. नाशिकचा खायच्या द्राक्षांचा बागाईतदार एकरी दहा टनांच्या गोष्टी करतो. त्याला हे आकडे सांगितले तर तो तुमच्याकडे दयेनं पाहील.

८. एका बाटलीवर ‘कान्नुबी’, दुसरीवर ‘कान्नुबी बोस्किस’. दोन्ही एकच का?

ते तुम्ही कोणाला विचारता यावर आहे, आणि यावर इटलीतली कोर्टं झिजली आहेत. लांब टेकडीचा मधला गाभा म्हणजे कान्नुबी. दोन्ही टोकांना चार तुकडे: बोस्किस, सान लोरेन्झो, मुस्कातेल आणि व्हालेत्ता. सगळे धरले तर सुमारे ३४ हेक्टर. या चारही तुकड्यांतल्यांनी नुसतं ‘कान्नुबी’ लिहावं का, हा वाद. गाभ्यातल्या छोट्या शेतकऱ्यांचं म्हणणं, नाव आमचं, तुम्ही शेजारी. २०१२ मध्ये रोमच्या प्रशासकीय न्यायालयानं त्यांची बाजू घेतली. २०१३ मध्ये वरच्या कोर्टानं ते फिरवलं आणि पाचही तुकड्यांना कान्नुबी लिहिण्याची मुभा राहिली. सातबाऱ्याचे वाद पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नाही.

याचा ग्राहकाला अर्थ असा: पुढे काही जोडलेलं असेल तर ती त्याच तुकड्याची. नुसतं कान्नुबी असेल तर गाभ्याचीही असू शकते, टोकाचीही. मग करणाऱ्याची बाग कुठे आहे ते शोधायचं.

आणखी एक चकवा. लुचानो सांद्रोने यांची कान्नुबी बोस्किस फार नावाजलेली. २०१३ च्या पिकापासून त्यांनी तिचं नाव ‘आलेस्ते’ ठेवलं, आलेस्सिया आणि स्तेफानो या नातवंडांच्या नावांवरून. बाग तीच, वेली त्याच, लेबलवर टेकडी ठळक नाही. जुन्या यादीतली ‘कान्नुबी बोस्किस’ आता सापडत नाही म्हणून एकानं मला रात्री साडेअकराला फोन केला होता. त्याचं उत्तर हे.

९. एकाच बागेची म्हणजे मिश्रणापेक्षा चांगलीच, बरोबर?

बरोबर नाही. बारोलो करणारे बार्तोलो मास्कारेल्लो यांनी आयुष्यभर बागेच्या नावाची बाटली काढायला नकार दिला. त्यांच्याकडे कान्नुबी होती, सान लोरेन्झो होती, रुए होती, ला मोर्राची रोक्के होती. कोणीही वेगवेगळं विकून जास्त पैसे केले असते. ते सगळं एकत्र करत, कारण वडील तसंच करत आणि एका बागेचं उणं दुसरी भरून काढते असं त्यांचं मत. २००५ मध्ये ते गेले. मुलगी मारिया तेरेसा आजही एकच बारोलो करते, आणि ती मिळवायला लोक कितीतरी नावाच्या बागा सोडून देतात.

म्हणून मी क्रम असा लावतो: आधी करणारा, मग वर्ष, मग बाग. बागेचं नाव तुम्हाला पत्ता सांगतं. घरात स्वयंपाक कसा होतो ते पत्त्यावरून कळत नाही.

१०. जुन्या पद्धतीची आणि नव्या पद्धतीची बारोलो, हा काय प्रकार?

१९८० आणि ९० च्या दशकांतली भाऊबंदकी. जुने लोक द्राक्षाचा रस सालींसकट महिनाभर किंवा जास्त ठेवत, मग क्रोएशियातल्या स्लाव्होनियाच्या ओकच्या भल्यामोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवत. तरुणांना ही वाईन फार तुरट आणि न खपणारी वाटली. त्यांनी साली लवकर काढल्या आणि फ्रान्समधली २२५ लिटरची छोटी नवी बॅरल्स, म्हणजे बॅरिक, आणली. एलिओ आल्तारे यांनी १९८३ मध्ये वडिलांची जुनी पिंपं चेनसॉनं कापली, आणि वडिलांनी त्यांना वारशातून बाद केलं. उलट बाजूला वर सांगितलेले बार्तोलो मास्कारेल्लो लेबलवर हातानं लिहीत: बॅरिक नको, बेर्लुस्कोनी (इटलीचे तेव्हाचे राजकीय नेते) नको.

आता बरेच जण मधल्या वाटेवर आले आहेत. बाटलीला व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास आला तर छोटी बॅरल्स, असं ढोबळमानानं समजा. मला मोठ्या पिंपातली आवडते. बागेचा पैसा भरून लाकूड का प्यावं?

११. बारोलो परवडत नाही. जवळची चव कशात मिळेल?

शेजारच्या बार्बारेस्कोत. द्राक्ष तेच, आल्ब्याच्या पलीकडच्या टेकड्या, मुरवण्याची अट २६ महिने. तिथल्या गावच्या सहकारी संस्थेनं, प्रोदुत्तोरी देल बार्बारेस्कोनं, १९६७ च्या पिकापासून बागेच्या नावाच्या बाटल्या काढल्या आणि चांगल्या वर्षी त्या नऊ बागांच्या नऊ बाटल्या वेगवेगळ्या काढतात. सहकारी संस्था म्हटल्यावर आपल्याकडे जो चेहरा होतो तो करू नका. ही संस्था जगात मानानं घेतली जाते. त्याहून खाली ‘लांगे नेब्बिओलो’. ओळख करून घ्यायला तीच घ्या.

१२. इथे येईपर्यंत एवढी महाग का होते?

बागच थोडी, मजुरी हातची, पैसा तीन-चार वर्षं पिंपात अडकलेला. आणि आपल्याकडचं आयात शुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं आहे. त्यावर राज्याचे कर आणि मधल्यांची टक्केवारी. परदेशातून येणाऱ्याला सामानातून दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या बसतात, तिसरी आणली की सव्वादोन लिटर होतात.

१३. नाशिकमध्ये अशा एका बागेच्या वाईन होत नाहीत का?

होतात, पण हिशेब वेगळा. नाशिकमध्ये वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुमारास, आणि तोडणी थंडी सरता सरता, जानेवारी ते मार्चमध्ये. तिकडे वेल बर्फात झोपते, आपल्याकडे तिला झोपच नाही. दिंडोरीच्या भागातल्या शिराझच्या बाटल्या लेबलवर दिंडोरीचं नाव घेऊन येतात, नाशिक व्हॅलीच्या वाईनला जीआयही आहे. मात्र उतारागणिक नावं, पिढ्यान्‌पिढ्यांची तुलना, कोर्टकचेऱ्या हे सगळं व्हायला वेळ लागतो. सुला कंपनी १९९९ ची. कान्नुबीची ती बाटली १७५२ ची. शिराझ गडद आणि मसालेदार असते, नेब्बिओलोशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. तिचा उपयोग प्रश्न १५ मध्ये आहे.

१४. नागपूरच्या उन्हाळ्यात बाटली कुठे ठेवायची?

माळ्यावर नाही. हे स्वतःच्या खर्चानं शिकलोय. एक बारोलो ‘अंधारी जागा’ म्हणून माळ्यावर ठेवली, मे महिना आला, गावाला गेलो. परतलो तेव्हा बूच बोटभर वर आलेलं, मानेवरून चिकट ओघळ सुकलेला, आणि आत उकडलेल्या मनुकांचा वास. तिची मटणात रवानगी केली. या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेलेत. वाईनला १२ ते १४ लागतात.

डेझर्ट कूलरची खोलीही चालत नाही. तिथे दमटपणा छान असतो, तापमान नाही. वाईनचा वेगळा छोटा फ्रिज असेल तर उत्तम. नसेल तर घरच्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा. काही महिने निभतात. वर्षानुवर्षं तिथे ठेवली तर बूच कोरडं पडतं. आणि घेताना दुकानात बाटली उन्हाच्या काचेत उभी होती का, हे पाहा. बूच तोटीच्या वर आलेलं दिसलं तर कितीही सूट असो, सोडून द्या.

पाजताना १६ ते १८ अंश. ‘रूम टेंपरेचरला द्या’ हे वाक्य युरोपातल्या जुन्या दगडी घरांसाठी आहे, रामदासपेठेतल्या तिसऱ्या मजल्यासाठी नाही. मे महिन्यात फ्रिजमधून काढून अर्धा-पाऊण तास थांबा. डिसेंबरात नुसती टेबलावर ठेवली तरी होतं.

१५. सावजी मटणासोबत चालेल का?

नाही हो. करून पाहिलंय, दोनदा. सावजीच्या तिखटानं तोंड पेटलेलं असतं, त्यावर नेब्बिओलोचा तुरटपणा आणि १४ टक्के अल्कोहोल म्हणजे आगीवर रॉकेल. तिखट दुप्पट लागतं आणि वाईन कडू. गुलाब, डांबर काही उरत नाही, तेलाचा तवंग आणि घाम तेवढा उरतो. सावजीसोबत थंड बीअर किंवा ताक. वाईनच हवी असेल तर नाशिकची शिराझ जराशी गार करून, तीही तर्री बाजूला काढून.

बारोलोला तिच्या गावात काय देतात ते पाहा: याच वाईनमध्ये तासन्‌तास शिजवलेलं मांस, अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, आणि शरदात आल्ब्याची पांढरी ट्रफल, म्हणजे जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी. तिखट कुठेच नाही. चरबी, लोणी, मातकट वास. हे धरून आपल्याकडे शोधा. पावसाळ्यात जंगलातून सात्या, म्हणजे रानातली अळंबी, येतात, त्या लोण्यात, मीठ-मिरपूड एवढंच घालून परतल्या तर बारोलो एकदम ओळखीची होते. आमच्या इथल्या बैठकांत याहून चांगली जोडी जमलेली नाही. मटण हवं तर पायाचं सूप, किंवा कमी तिखटात मंद शिजवलेला मांडीचा तुकडा. वडा-भातावर लोक हट्टानं पितात. ज्याची त्याची आवड.

१६. बाटली उघडली की लगेच प्यायची की थांबायचं?

कोवळी असेल, म्हणजे दहा वर्षांच्या आतली, तर जगमध्ये ओतून दोन तास द्या. खूप जुनी असेल तर ओतू नका, पेल्यातच उघडू द्या. जास्त हवेनं ती अर्ध्या तासात विझते. तळाला गाळ असेल तर एक दिवस आधी बाटली उभी करून ठेवा आणि शेवटचा दोन बोटं भाग सोडा. गाळ विषारी नाही, नुसता कडू. उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये, दोन-तीन दिवस. कोवळी नेब्बिओलो दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, हे आम्ही चुकून शोधलं.

१७. वाईन शाकाहारी असते का?

द्राक्षं शाकाहारी, प्रक्रिया नेहमीच नाही. वाईन नितळ करायला कधी अंड्याचा पांढरा बलक, कधी जिलेटिन, कधी माशाच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो नंतर खाली बसतो आणि काढून टाकतात. बारोलोचे बरेच जुन्या वळणाचे लोक काहीच घालत नाहीत, वेळ देतात. लेबलवर ‘व्हेगन’ असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर करणाऱ्याच्या वेबसाइटवर पाहा.

१८. रेड वाईन हृदयाला चांगली म्हणतात. रोज एक पेला घेऊ का?

औषध म्हणून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. आम्ही महिन्यातून एकदा बारा जणांत एक बाटली उघडतो. त्याचं एक कारण हेही आहे, दुसरं प्रश्न १२ मध्ये.

१९. वर्ध्याला मित्राकडे जातोय. एक बाटली नेऊ का?

नको. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गडचिरोलीतही. वाईन ‘तशी दारू नाही’ हा युक्तिवाद नाक्यावर चालत नाही. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये लागली आणि २०२१ मध्ये उठली, त्यामुळे ज्याला त्याला वाटतं की आता सगळीकडे उठली. तसं नाही. मित्राला इकडे बोलवा. वयाचंही सांगतो, कारण कॉलेजची मुलं विचारतात: महाराष्ट्रात बीअर आणि वाईनसाठी २१ पूर्ण, त्याहून कडक मद्यासाठी २५.

२०. ‘ऑरेंज वाईन’ ऐकली. आपल्या संत्र्याची आहे का?

नाही. पांढऱ्या द्राक्षांचा रस सालींसोबत ठेवून केलेली ती वाईन. सालीमुळे रंग नारिंगी येतो आणि थोडा तुरटपणाही. संत्र्याचा तिच्याशी संबंध नाही. जुन्या बारोलोच्या काठावरच्या नारिंगी झाकीशीही नाही, ती वयाची. संत्र्याचा रस आंबवून पेय करता येतं, ते फळांच्या वाईनमध्ये मोडतं. आमच्यातल्या एकाचे काका नरखेडला ते घरच्या घरी करून पाहतायत. दोन बरण्या फुटल्या, तिसरी कापडानं झाकून पलंगाखाली आहे.